पाठीराख्याची मालकी

भूमसारख्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर युरोपातील बड्या फुटबॉल संघांचे गणवेश अंगात घातलेली शाळकरी मुले हमखास दिसतात. पाठीवरचे नाव कोणाचे, तो खेळाडू कोणत्या देशाचा, त्याचा सौदा किती कोटींना झाला, हे त्यांना मुखोद्गत असते. आपल्याच धाराशिव जिल्ह्याच्या खो-खो संघात यंदा कोण कोण होते, असे विचारले तर मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. यात मुलांचा दोष काडीमात्र नाही. जो खेळ विकला जातो तो त्यांच्या हातातील पडद्यावर चोवीस तास उभा असतो. जो खेळ नुसता खेळला जातो त्याची जाहिरात करण्यात कोणाचाच नफा नसतो. तेव्हा प्रश्न मुलांच्या आवडीचा नसून खेळाच्या मालकीचा आहे. जमीन, पाणी आणि कारखाना यांच्या मालकीविषयी बोलणाऱ्यांनी तो क्षुल्लक समजून बाजूला टाकू नये.

मराठीत संघाच्या कायमच्या सोबत्याला ‘पाठीराखा’ असा अर्थपूर्ण शब्द आहे. प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो आणि मोबदल्यात करमणूक मागतो; ती मिळाली नाही की तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. पाठीराख्याचे काम संघ हरू लागला की सुरू होते. गावोगावच्या मंडळांना हा माणूस ठाऊक आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानावर फक्की मारणारा, खांब पुरून घेणारा, जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या मुलांच्या भाड्यासाठी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दुकाने धुंडाळणारा तो हाच. तो कधीकाळी त्या मंडळाकडून खेळलेला असतो, किंवा कधीच खेळलेला नसतो. सलग दहा वर्षे संघ पहिल्याच फेरीत गारद झाला तरी अकराव्या वर्षी तो मैदानाच्या कडेला उभा असतो. आयुष्यातील तीस-चाळीस वर्षे अशी एका संघात घातली, तर त्यास भांडवल म्हणावयाचे की नाही? आजच्या क्रीडाव्यवहाराच्या ताळेबंदात मात्र या गुंतवणुकीची एका ओळीचीही नोंद नाही.

ज्या युरोपचे गणवेश भूमची मुले घालतात, त्या युरोपातही हा पाठीराखा अजून जिवंत आहे. पडदा त्यास दाखवीत नाही, एवढेच. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. म्हणजे २०११ च्या जनगणनेत १६.५७ लाख भरलेल्या धाराशिवसारखे तीन-साडेतीन जिल्हे. एवढ्या देशात राष्ट्रीय लीगच्या चार श्रेणींत मिळून ४२ संघ खेळतात, आणि त्यांतील काही अगदी लहान गावांचे आहेत. ब्रेकिन हे सुमारे सात हजार वस्तीचे गाव. १९०६ मध्ये स्थापन झालेला त्याचा संघ २०१७-१८ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत ३६ सामने खेळला आणि त्यांतील एकही जिंकला नाही. चार बरोबरीत सुटले, बत्तीस हरले. २०२१ मध्ये तो राष्ट्रीय लीगमधूनही बाहेर पडला. बाजाराच्या नियमाने अशा संघाचे दुकान तत्काळ बंद व्हावयास हवे होते. तो खालच्या प्रादेशिक लीगमध्ये खेळत राहिला, कारण गावाने तो आपला मानला होता.

याच देशात उलट उदाहरणही आहे. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क हा १८७२ मध्ये स्थापन झालेला आणि १९०४ मध्ये देशाचे विजेतेपद मिळविलेला संघ कर्ज व गैरकारभार यांच्यापायी १९६७ मध्ये बुडाला. त्याचे कॅथकिन पार्क आज सार्वजनिक उद्यान आहे. लोक ज्या पायऱ्यांवर उभे राहून सामने पाहत, त्यांचे अवशेष झाडांमध्ये अजून दिसतात. निष्ठा होती, पण निष्ठेला अधिकार नव्हता. म्हणून चालकांनी संघ बुडविला तेव्हा पाठीराख्यांना केवळ हळहळता आले. या धड्यातून पुढे काही ठिकाणी शहाणपण आले. स्टर्लिंग अल्बियन हा संघ २०१० मध्ये त्याच्या पाठीराख्यांच्या संस्थेने स्वतःच विकत घेतला. जर्मनीत तर बहुतांश व्यावसायिक संघांत मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच असला पाहिजे, असा दंडक आहे. भांडवलशाही देशांनाही जे उमगले ते सहकाराच्या महाराष्ट्राला उमगू नये, हा दैवदुर्विलास नव्हे, हितसंबंधांचा खेळ आहे.

महाराष्ट्रात या जातीची निष्ठा पाहावयाची तर कोल्हापूरला जावे. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे नुसते संघ नाहीत. ती त्या त्या पेठांची आणि गल्ल्यांची ओळख आहे. मूल जन्मते तेच एखाद्या तालमीचे म्हणून, आणि शाहू स्टेडियमवर आजोबा ज्या बाजूला बसत त्याच बाजूला नातू बसतो. आता याच्याशेजारी पुण्याचे उदाहरण ठेवावे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याचा एक संघ होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. २०२५ मध्ये हैदराबादचा तो संघही नाव बदलून दिल्लीस गेला. अकरा वर्षांत एका संघाच्या जागेने तीन शहरे पालटली! पुण्यात घसा कोरडा करणाऱ्या तरुणास कोणी विचारले? हैदराबादच्या पाठीराख्याचे मत कोणी घेतले? संघ हा मालकाच्या लेखी एक परवाना होता. परवाना हलविताना माणसांना विचारण्याची चाल नाही.

कोणी म्हणेल, भूमला फुटबॉलचे काय सोयरसुतक? सोयरसुतक आहे, कारण तीच नीती आता खो-खोच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे, आणि खो-खो हा धाराशिव जिल्ह्याचा मानबिंदू आहे. या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. घरच्या हलाखीतून वर आलेल्या या खेळाडूस २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला २२ वर्षांनी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. हे यश कोणत्याही उद्योगसमूहाच्या पैशाने उभे राहिलेले नाही. ते शाळांच्या पटांगणांवर, मंडळांच्या वर्गणीवर आणि प्रशिक्षकांच्या पदरमोडीवर उभे राहिले. २०२२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये सहा संघ होते. त्यांत महाराष्ट्राच्या नावाचा एकच, तो मुंबईचा. बी पेरावयाचे मराठवाड्याने, खळे मात्र दुसऱ्याच्या दारात, असा हा व्यवहार आहे.

याला दोन उत्तरे दिली जातात, आणि दोन्हींचा विचार प्रामाणिकपणे करावयास हवा. पहिले असे की, या लीगमुळे गरीब घरच्या खेळाडूंना चार पैसे मिळाले. हे खरे आहे, आणि खेळाडूच्या ताटातील भाकरीला नाक मुरडण्याचा अधिकार कोणत्याही समाजवाद्याला नाही. परंतु खेळाडूला मजुरी मिळाली म्हणून मालकीचा प्रश्न सुटत नाही; गिरणी कामगारालाही पगार मिळत होताच, आणि गिरण्या बंद करताना त्याचेही मत कोणी घेतले नव्हते.

दुसरे उत्तर अधिक बोचरे आहे. गावची मंडळे तरी कोठे लोकांची राहिली आहेत? अनेक ठिकाणी ती स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकापुरती उरली आहेत. कोठे मंडळ एका आळीचे, म्हणजेच पर्यायाने एका जातीचे असते. मुली पदके आणतात, पण मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांचे नाव नसते. कोल्हापुरातही तालमींच्या निष्ठेचे रूपांतर पुष्कळदा दगडफेकीत आणि हाणामारीत झाले आहे. हे सारे मान्य केलेच पाहिजे. मात्र या रोगावर खाजगी मालक हे औषध नव्हे. दूध संघ पुढाऱ्यांनी बळकावला म्हणून भूमच्या दूधउत्पादकाने आपली म्हैस व्यापाऱ्याच्या दावणीला बांधावी, असे कोणी शहाणा सांगणार नाही. सभासदांनी संघ परत ताब्यात घ्यावा, असेच सांगेल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मंडळाची नोंदणी खुल्या सभासदत्वाची असावी: अल्प वर्गणी, एका सभासदाला एक मत, जातीची वा आळीची अट नाही आणि कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना. तालुका क्रीडासंकुलाच्या किल्ल्या अशा मंडळांच्या संयुक्त समितीकडे असाव्यात. उद्घाटनाच्या दिवशी उघडणारे आणि एरवी कुलूपबंद राहणारे संकुल म्हणजे ठेकेदाराचे स्मारक होय. जिल्हा नियोजनाच्या निधीतून वर्षाकाठी मैदानाची देखभाल आणि संघांचा प्रवासखर्च हक्क म्हणून मिळावा, मेहेरबानी म्हणून नव्हे. आणि लीगच्या मालकाने खेळाडू उचलला की त्यास घडविणाऱ्या मंडळाला व शाळेला ठराविक वाटा द्यावा. ही मागणी जगावेगळी नाही. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडूच्या हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के वाटा तो बारा ते तेवीस वर्षांच्या वयात ज्या संघांकडे घडला त्यांना देण्याचा नियम आहे. जो नियम बड्या संघांच्या बाजाराला मानवतो तो खो-खोच्या व्यापाऱ्यांना का मानवू नये?

राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर १९४१ पासून खेळाच्या मैदानाकडे समतेची शाळा म्हणून पाहिले गेले. तो वारसा सांगणाऱ्यांनी खेळाला गंभीर माणसांच्या पानावरून हद्दपार केले, आणि मोकळी राहिलेली जागा बाजाराने व पुढाऱ्यांनी आपसात वाटून घेतली. ती परत मिळविण्याची सुरुवात एखाद्या परिषदेत होणार नाही. ती भूमच्या मैदानावर, वर्षानुवर्षे फक्की मारीत आलेल्या त्या अनामिक माणसाच्या हाती सभासदत्वाची पावती आणि मताचा अधिकार देऊन होईल. युरोपच्या संघाचा गणवेश घातलेल्या मुलाला तो काढून टाक म्हणण्याचे कारण नाही. त्याला एवढेच सांगावे की, तो संघ तुला विकत घेता आला आहे. हा तुझ्या गावचा आहे, आणि याच्या सभेत तुला मत आहे.