धर्मांतर आणि जीवितहेतू

ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने अमक्याच्या जीविताला हेतू लाभला, असे कोणी म्हणताच आमच्या सुशिक्षित मंडळींचे उत्तर ठरलेले असते : 'हेतू कसला, पोटाची सोय लागली म्हणा !' ज्या यवतमाळास १९५३ पासून १९८३ साली पुण्यास स्थलांतर होईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरीत ख्रिस्ती उपदेशक तयार होत होते, तेथेही हेच उत्तर ऐकू येते. आम्ही ख्रिस्ती नाही. तथापि हे उत्तर आम्हांस आळशीपणाचे वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेच उदाहरण घ्या. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेला हा विद्वान. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पदरी काय पडले ? पत्नी दुरावली, आप्तांनी तोंड फिरविले. पुढे मिशनचा पगार मिळू लागला हे खरे. परंतु १९१७ साली तोही सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. पोटासाठी धर्म बदलणारा मनुष्य पोटाचे साधन आपण होऊन टाकीत नसतो.

पंडिता रमाबाईंची कथा याहून बोधप्रद आहे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा. पण तेव्हा आपणांस धर्म मिळाला, ख्रिस्त मिळण्यास आणखी काही वर्षे लागली, अशा आशयाची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. म्हणजे हेतू बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर आयता मिळत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. त्यांच्या श्रद्धेची साक्ष हवी असेल, तर ती तेथे पाहावी.

हीच कसोटी आम्ही उपदेशकांनाही लावणार. यवतमाळचा कोरडवाहू कास्तकार कापसावर अवलंबून. पाऊस हुकला अथवा भाव पडला की कर्ज वाढले. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर गेले आहे. अशा घरी जाऊन 'विश्वास ठेवा, जीविताचा हेतू सापडेल' एवढेच सांगून परतणारा उपदेशक, आणि नामस्मरणाने सारे ठीक होईल म्हणून उठून जाणारा कीर्तनकार, या दोघांत आम्हांस भेद दिसत नाही. सावकाराचा तगादा ज्याच्या दाराशी आहे, त्याला नुसते सांत्वन देणे ही त्याची थट्टाच होय.

यावर कोणी म्हणेल, 'सेवा धर्मावाचूनही होते. मग श्रद्धेचे प्रयोजन काय?' होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु लौकिक गेला, आप्त गेले, फळाची आशा मावळली, तरी काम सोडू न देणारे बळ काहींना या श्रद्धेतूनच मिळाले, हे टिळकांच्या व रमाबाईंच्या चरित्रांवरून मान्य करणे प्राप्त आहे. ते मान्य केल्याने आमचा धर्म बुडत नाही.

म्हणून धर्मांतर केलेल्या मनुष्याला 'तुला काय मिळाले ?' असे विचारण्यापेक्षा 'तू कोणाचे ओझे उचललेस ?' असे विचारावे. मात्र तोच प्रश्न आपल्या देवघरातही एकदा विचारावा. तेथे उत्तर न मिळाल्यास निदान दुसऱ्याच्या श्रद्धेला पोटार्थी म्हणण्याचे तरी थांबवावे.