स्वमग्न माणसाला बाजारबंदी कशाला?



‘अशा मुलांना बाजारात आणूच नये’ हे मागच्या अंकातील पत्र वाचले. मी स्वतः स्वमग्न आहे. भिगवणच्या मासळी बाजारातला लिलावाचा गलका, महामार्गावरचे हॉर्न, वास, धक्के हे सगळे एकदम अंगावर आले की मेल्टडाउन होतो, म्हणजे स्वतःवरचा ताबा सुटतो. तो हट्ट नव्हे. हट्ट हवी ती वस्तू मिळाली की थांबतो. मेल्टडाउनमध्ये काही मिळवायचेच नसते. म्हणून दरडावून किंवा खाऊ देऊन तो आवरत नाही.

मेल्टडाउन पुष्कळदा टाळता येतो. मी गर्दीआधी जातो, कानात बोळे घालतो, यादी लिहून नेतो आणि आवाज असह्य होऊ लागताच तिथून निघतो. तरीही झालाच, तर घोळका करू नका, प्रश्न विचारू नका, मोबाइलवर चित्रण तर मुळीच नको. वाहनांचा धोका असेल तरच आडवे या. नंतर पाणी द्या, उपदेश नको.

दुकानदारांची अडचण होते, हे मान्य. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. बाजार आमचाही आहे. ग्रामपंचायतीने आठवडी बाजाराचा पहिला तास तरी भोंग्यांविना ठेवावा. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांनाही ते बरे पडेल.

– एक वाचक, भिगवण