खिशातलं पेन: एकच घ्या, पण टिकणारं घ्या



पोस्टात किंवा बँकेत टेबलाला दोऱ्यानं बांधलेलं पेन तुम्ही पाहिलं असेलच. बहुतेक वेळा दोरा शाबूत असतो आणि पेन उमटत नाही. मग आपण शेजारच्या माणसाकडे वळतो. आमच्या मल्लेश्वरममध्ये हा प्रश्न कन्नडमध्ये विचारायचा, "पेन इदेया सर?" समोरचा माणूस पेन देतो खरा, पण ते परत येईपर्यंत त्याची नजर आपल्या हातावरून हलत नाही.

या सदरात आपण रोजच्या वापरातली एकेक वस्तू घेऊन ती पारखायची कशी हे बघतो. या वेळी पेन. तुम्ही म्हणाल, भाजीवालीला फोनवरून पैसे देण्याच्या दिवसांत पेन कशाला? पण आठवून बघा. मुलांच्या शाळेचा अर्ज, डॉक्टरांकडचं संमतीपत्र, घरभाड्याचा करार, कुरिअरची सही, नॉमिनीचा फॉर्म, चेक. वर्षातून मोजक्याच वेळा, पण जिथे पेन लागतं तिथे ते कामाच्या कागदासाठीच लागतं. म्हणून खिशात किंवा पर्समध्ये आपलं एक पेन हवं आणि ते भरवशाचं हवं.

सही आपल्याच पेनानं

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. चेक किंवा करारावर सही करताना समोरच्यानं पुढे केलेलं पेन वापरू नका. कर्ज मिळवून देतो म्हणून घरी येणारा माणूस "हे घ्या पेन" म्हणतो, आपण चेकवर नाव आणि रक्कम लिहितो, आणि काही तासांनी अक्षरं गायब होतात. अशा फसवणुकीच्या बातम्या आपल्या देशात अनेकदा आल्या आहेत. काही शाई हवा लागली की आपोआप रंगहीन होते. काही शाई उष्णतेनं पुसली जाते. मुलं हौसेनं घेतात ते खोडता येणारे पेन या दुसऱ्या प्रकारचे. त्यांची शाई साधारण 60 अंश सेल्सियसला दिसेनाशी होते. मागचं रबर घासलं की घर्षणानं तेवढी उष्णता तयार होते. गृहपाठाला हे पेन छान, पण सहीला नाही. बनवणारेही तसंच सांगतात.

चेक स्कॅन करून पाठवायची पद्धत आल्यापासून रिझर्व्ह बँकेचा सल्ला असा आहे की चेक न पुसणाऱ्या आणि स्कॅनमध्ये स्पष्ट दिसणाऱ्या शाईनं लिहावा. तारीख सोडून दुसरी खाडाखोड झाली तर नवा चेक लिहावा लागतो. म्हणजे निळं किंवा काळं पेन, आणि ते आपलं स्वतःचं. घरातल्या ज्येष्ठांना ही एक गोष्ट आवर्जून सांगा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जातात, तेव्हा त्यांच्या पिशवीत पासबुकाबरोबर पेनही असू द्या.

आधी शाई बघा, मग पेन

दुकानात आपण पेनाचा रंग आणि आकार बघतो. पण कागदावर उरते ती शाई.

इथल्या काडु मल्लेश्वर देवळाशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा 1669 सालचा शिलालेख आहे. याच व्यंकोजीराजांनी पुढे तंजावरात मराठी राज्य स्थापन केलं. त्या दरबाराचे मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेले आहेत. जुनी मोडी दप्तरं बोरूनं आणि काजळीच्या शाईनं लिहिलेली असत. बोरूचं टोक सारखं झिजायचं आणि चाकूनं पुन्हा तासावं लागायचं, म्हणजे लेखणी काही टिकाऊ नव्हती. टिकली ती शाई. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनचा रंग उन्हानं उडत नाही.

आजच्या शाईचे ढोबळ तीन गट करू.

बॉलपेनची शाई तेलकट असते. पाणी पडलं तरी अक्षर फारसं फुटत नाही. मात्र स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागला की पसरते.

जेल पेनची शाई पाण्यात कालवलेली असते. तिच्यात विरघळणारा रंग असेल तर एका थेंबानं अक्षर वाहून जातं. रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतील, म्हणजे पिगमेंट शाई असेल, तर ती पाणी, ऊन आणि स्पिरिट तिन्ही चांगलं सोसते. पाकिटावर पिगमेंट हा शब्द शोधा.

शाईपेनाची नेहमीची निळी शाई दिसायला सुंदर, पण पाण्याला नाजूक. बंगळुरात दुपारी लख्ख ऊन आणि संध्याकाळी अचानक सर, हे नेहमीचंच. पिशवीतला कागद भिजायला वेळ लागत नाही.

घरच्या घरी परीक्षा घ्यायची असेल तर मुलांना हाताशी घ्या. घरातल्या सगळ्या पेनांनी एका कागदावर एकेक ओळ लिहा, पुढे पेनाचं नाव लिहा आणि एक दिवस वाळू द्या. मग कागदाचे तीन तुकडे होतील असे उभे कापा. एकावर पाण्याचे थेंब टाका, दुसऱ्यावर सॅनिटायझर, आणि तिसरा अर्धा झाकून दोन आठवडे खिडकीच्या उन्हात ठेवा. कोणतं पेन सहीचं आणि कोणतं फक्त वाणसामानाच्या यादीचं, हे आपोआप कळेल.

टोक आणि रिफिल

बॉलपेनच्या टोकाला एक इवलीशी गोळी असते. ती फिरते आणि आतली शाई कागदावर आणते. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी 1938 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. फ्रान्सच्या बिक कंपनीनं 1950 साली स्वस्त क्रिस्टल पेन आणलं आणि 1961 साली त्यातली पोलादी गोळी बदलून टंगस्टन कार्बाइडची केली. हा पदार्थ फार कठीण, त्यामुळे गोळी लवकर झिजत नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या दांड्याच्या, निळ्या टोपणाच्या रेनॉल्ड्स पेनावर 045 फाइन कार्ब्युअर असं छापलेलं असायचं, आठवतं? कार्ब्युअर म्हणजे फ्रेंचमध्ये कार्बाइड. शाळेची कितीतरी वर्षं आपण तो शब्द बोटांत धरून होतो!

गोळीचं माप 0.5, 0.7 किंवा 1 मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. बारीक टोक छोट्या रकान्यांना बरं, पण खरबरीत कागदावर अडखळतं. रोजच्या मिश्र कामाला 0.7 हा मधला मार्ग.

भिंतीवर टेकवून, टोक वर करून लिहिलं की बॉलपेन बंद पडतं. त्यात पेनाचा दोष नाही, शाई वजनानं खाली येते म्हणून तसं होतं. अमेरिकेच्या फिशर कंपनीनं रिफिलमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरून यावर तोड काढली आणि ते पेन 1968 साली अपोलो 7 बरोबर अंतराळात गेलं. आपल्याला भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहायला पेन्सिल पुरते.

टिकाऊ पेनाची खरी कसोटी म्हणजे रिफिल. महागडं पेन घेतलं आणि वर्षानं त्याची रिफिल मिळेना, तर ते पेन शोकेसची वस्तू झालं. पार्कर जॉटर हे पेन 1954 साली आलं. त्याच्या मापाची रिफिल पुढे जगभर इतकी रूढ झाली की अनेक कंपन्या तीच बनवतात, आणि त्यात बॉल, जेल असे पर्यायही मिळतात. म्हणून माझा साधा नियम असा: घरापासून दहा मिनिटं चालत मिळते तीच रिफिल लागणारं पेन घ्या. संपिगे रोडवर किंवा आठव्या क्रॉसला भाजी-फुलं घ्यायला गेलात की एखाद्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिरा आणि पैसे देण्याआधी विचारा, "इदक्के रिफिल सिगुत्ता?" दुकानदार लगेच खण उघडून दाखवेल तर घ्या. "मागवून देतो" म्हणाला तर थांबा.

अंग, टोपण आणि क्लिप

धातूचं पेन म्हणजे टिकाऊ, असं सरसकट समजू नका. पुष्कळ पेनांचं अंग धातूचं असतं, पण आतले आटे प्लॅस्टिकचे. पेन तिथेच फुटतं. त्यापेक्षा चांगल्या, जाड प्लॅस्टिकचं पेन जास्त वर्षं टिकतं. जर्मनीचं लॅमी सफारी 1980 पासून एबीएस प्लॅस्टिकचंच बनतं, हेल्मेट बनवायला वापरतात त्या जातीचं.

रबराची पकड नव्यात मऊ वाटते. काही वर्षांनी तीच चिकट होते आणि धूळ धरते. दहा वर्षांचा विचार असेल तर रेघांची किंवा खाचांची पकड बरी.

खटक्याचं पेन एका हातानं उघडतं, शर्टाच्या खिशाला सोयीचं. पण पर्समध्ये किल्ल्या आणि कंगवा यांच्या गर्दीत खटका आपोआप दाबला जातो आणि अस्तरावर निळा डाग पडतो. पर्ससाठी टोपणाचं किंवा पिळून उघडणारं पेन घ्या. घरात लहान मूल असेल तर टोपणाच्या टोकाला भोक आहे ना, हे बघा. टोपण चुकून घशात गेलंच तर थोडी हवा जावी म्हणून ते असतं.

शाईपेन रोज चालेल का?

चालेल, थोडी देखभाल करणार असाल तर. शाईपेनाची निब वर्षानुवर्षं चालते, फेकायला काहीच उरत नाही, आणि हात फार दाबावा लागत नाही म्हणून बोटं दुखणाऱ्यांना ते सोयीचं.

यात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 साली मुंबईत गिरगावात शाईची भुकटी बनवायला सुरुवात केली आणि त्यातून कॅमल शाई व कॅम्लिन उभं राहिलं. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण देशी शाईपेन बनवलं. ते वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे गेलं आणि 1935 साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र पाठवून त्याची पसंती कळवली. आणि बंगळुरूची विल्यम पेन ही कंपनी तर 2022 साली शेफर या जुन्या अमेरिकी पेनांची मालक झाली.

दक्षिणेत अजूनही एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, हातानं कातलेली शाईपेनं मिळतात. वजनाला हलकी, हाताला ऊबदार. उन्हात ठेवली तर मात्र रंग उतरतो. आठवड्यातून दोनदा तरी लिहिणार असाल तरच शाईपेन घ्या, नाहीतर शाई आत सुकते. महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवा, गरम पाणी नको. विमानात नेताना निब वर ठेवा आणि पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं असू द्या. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते.

दुकानात पाच मिनिटं

घेण्याआधी एवढं कराच:

1. पेन उघडून आटे बघा. धातूला धातू किंवा जाड प्लॅस्टिक हवं.
2. कानाजवळ हलवा. खुळखुळलं तर सांधे सैल आहेत.
3. खटका दहा वेळा दाबा. दहाही वेळा सारखाच आवाज यायला हवा.
4. क्लिप जाड कापडाला लावून काढा. वाकून तशीच राहिली तर ठेवून द्या.
5. नुसत्या गोल रेघा मारू नका. उभ्यानं एक पूर्ण वाक्य लिहा आणि तीनदा सही करा. तिन्ही सह्या सारख्या आल्या पाहिजेत.
6. रिफिल मागा आणि जमलं तर एक जास्तीची तेव्हाच घ्या.

हा पाचवा मुद्दा ज्येष्ठांसाठी विशेष. बोटं आखडली की बारीक पेनावर पकड बसत नाही आणि सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही. जरा जाड, हलकं आणि न दाबता उमटणारं पेन दिलं तर सही पुष्कळ सावरते. आजी-आजोबांसाठी पेन घ्यायचं तर त्यांना दुकानात बरोबर न्या, त्यांच्या हातानं लिहून बघू द्या. ऑनलाइन मागवून वाढदिवसाला देण्यापेक्षा ते बरं.

किंमत किती? दहा रुपयांचं पेन महिन्याला एक हरवत असेल तर वर्षाला एकशेवीस रुपये आणि बारा प्लॅस्टिकच्या नळ्या. आपलं म्हणून जपलेलं पेन सहसा हरवत नाही. त्याच्या अंगावर नाव कोरून घ्या, मग मागून नेलेलं पेनही परत येतं.

तर मंडळी, तुमच्या घरात सगळ्यात जुनं, पण अजून लिहिणारं पेन कोणतं आहे? कपाटातून काढा, धुऊन शाई भरा आणि पहिली ओळ घरातल्या मोठ्या माणसाला लिहू द्या. त्या पेनाची गोष्ट मला नक्की कळवा. पुढच्या वेळी आपण छत्री पारखू या, पावसाच्या आधी!