पैलू पाडावा कीं न पाडावा?

श्रावणांतल्या एका रविवारीं आमचे बारा वर्षांचे नातू उलव्याहून, मित्राच्या घरून, परतले ते चिखलानें माखलेला एक दगड छातीशीं धरूनच. तेथें एका इमारतीच्या पायासाठीं खणलेल्या ढिगाऱ्यांत तो त्यांना सांपडला होता. बाहेरून पाहतां काळा, ओबडधोबड, वरवंट्याच्या कामीं यावा असा. पण नळाखालीं धरतांच त्याच्या पोकळींतून पांढरे, पारदर्शक स्फटिक चमकूं लागले. चिरंजीवांनीं तेथल्या तेथें जाहीर केलें, “आजोबा, ह्याला पैलू पाडून आईच्या वाढदिवसाला लोलक करायचा.” सूनबाई हंसल्या. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं. ज्यानें आयुष्यभर शाळेंत पैलू पाडण्याचाच धंदा केला, त्यास हा प्रश्न कसा टाळतां यावा?

प्रथम त्या दगडाचें कुळ पाहूं. आम्ही राहतों तें वाशी काय, किंवा नेरूळ, खारघर, उलवें काय, हें सारें नवें नगर 1970 नंतर सिडकोनें वसविलें. पण ज्या खडकावर तें उभें आहे तो सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांचा आहे. त्या काळीं भूमि भेगाळून तप्त लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्यांतूनच दख्खनचा काळा कातळ झाला. थिजतांना लाव्ह्यांतील वायूचे बुडबुडे आंत अडकले व त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढें त्यांत पाणी झिरपलें आणि त्यानें विरघळवून आणलेलीं द्रव्यें स्फटिकरूपानें भिंतींवर बसलीं. ज्या उलव्याची सुमारें 90 मीटर उंचीची टेकडी विमानतळासाठीं कापून सपाट केली गेली, आणि 2025 च्या ऑक्टोबरांत ज्या विमानतळाचें उद्‌घाटन झालें, तेथील कातळहि ह्याच जातीचा. रस्त्यावर पसरली जाणारी खडी व पोकळींतील हे स्फटिक हीं अशीं एकाच उदरांतील भावंडें होत. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून निळ्याजर्द कॅव्हन्साइटचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयांत ह्या कातळाचें वैभव कोणासहि पाहतां येतें.

ह्याच पोकळ्यांत अकीकहि सांपडतो, आणि त्याचा व्यापार फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या नाविकानें ‘पेरिप्लस’ नामक ग्रंथ रचला. पैठणहून अशा पट्टेदार दगडांचे गाडे भरून भडोच बंदरास जात, व ती वाट वीस दिवसांची होती, असें तो सांगतो. आमच्या शेजारचें कल्याण बंदरहि त्याच्या यादींत आहे. तात्पर्य, खडे विकण्याची विद्या ह्या भूमीस नवी नाहीं.

आतां खडा उजळतात कसा, तें सांगतों. खंबायतचे कारागीर अकीक प्रथम उन्हांत वाळवितात, मग मडक्यांत घालून मंद आंचेवर भाजतात. दगडांतील लोहाचा अंश तापून पिवळट रंगाचा तांबडा होतो. नंतर तो घडून, घासून, मण्यांसाठीं हिऱ्याच्या टोकानें विंधितात. वज्रानें विंधलेल्या मण्यांतून दोरा सहज जातो, ही उपमा कालिदासानें रघुवंशाच्या आरंभीं योजिली आहे. वर्गांत ती शिकवितांना आम्ही विनयाचा अर्थ तेवढा सांगत असूं. त्यामागें एका कारागिराचे घामाचे हात आहेत हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

पारदर्शक खड्याची रीत निराळी. तो लाखेनें काठीवर बसवून फिरत्या चाकावर धरावयाचा, प्रथम जाड पुडीवर, मग बारीक, मग अतिबारीक. प्रत्येक पैलूचा कोन नेमका हवा. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर आला पाहिजे. कोन चुकला तर तो तळांतून निसटतो आणि खडा निस्तेज दिसतो. हिऱ्यास मानवणारीं हीं मापें मार्सेल टोल्कोव्हस्की ह्यानें 1919 सालीं गणितानें मांडलीं. अपारदर्शक खड्यास पैलूंचा उपयोग नाहीं. त्यास घुमटासारखा गोल घाटच शोभतो. पण प्रत्येक पैलूबरोबर खड्याचें वजन घटतें, आणि घटलेलें पुन्हा येत नाहीं.

ह्याचें उदाहरण आमच्याच प्रांतांतील आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा ‘नाशिकचा हिरा’ 1818 सालीं पेशवाई बुडतांना दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हातीं गेला. तेव्हां त्याचें वजन सुमारें 90 कॅरट होतें. आमच्याकडील कारागीर होतां होईल तों वजन राखीत. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज ह्या पेढीनें त्यास नवे पैलू पाडून वजन सुमारें 78 कॅरटांवर आणलें. पुढें 1940 सालीं तो हॅरी विन्स्टन ह्या अमेरिकन जवाहिऱ्याच्या हातीं पडला, आणि त्यानें पुन्हा घडविल्यावर उरले 43.38 कॅरट. तेज वाढलें असेल. परंतु निम्म्याहून अधिक हिरा धूळ झाला, आणि देवापुढें ज्या रूपांत तो चमकला तें रूप कोणासहि पुन्हा दिसणार नाहीं.

असो. नातवास घेऊन आम्ही मुंबईंत झवेरी बाजाराजवळील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं भिंग डोळ्याशीं लावून दगड बराच वेळ फिरविला आणि म्हणाले, “मास्तर, हा ॲपोफिलाइट. ह्याला चाकावर धरलात तर पापुद्रे सुटतील. शिवाय मऊ आहे, अंगावर वापरलात तर महिन्यांत ओरखडे. ह्याचे पैलू देवानेंच पाडले आहेत, माझ्या हाताला काम नाहीं.” त्यांनीं मजुरीचा एक पैसाहि घेतला नाहीं, उलट नातवास चहा पाजला.

घरीं येऊन आम्हीं पुस्तकें चाळलीं. मोह्‌झ ह्यानें 1812 सालीं कठीणपणाची जी पायरी लाविली, तींत हिरा 10, अकीक सुमारें 7 आणि हा स्फटिक 4½ ते 5. ग्रीक भाषेंत त्याच्या नांवाचा आशयच मुळीं पानासारखा सुटणारा असा आहे, कारण तापविला असतां त्याचे पापुद्रे निघतात. भगिनीवर्गासाठीं येथेंच एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. घरांतील धुळींत गारेचे कण असतात व त्यांचा कठीणपणा 7 असतो. म्हणून मोत्यांसारखीं मऊ रत्नें कोरड्या फडक्यानें घासूं नयेत, मऊ ओलसर कापडानें टिपावीं. पाचूच्या चिरांत बहुधा तेल भरलेलें असतें. त्यास कढत पाण्याचें स्नान घालूं नये.

भर्तृहरीनें नीतिशतकांत सहाणेवर झिजलेल्या मण्याची थोरवी गायिली आहे, आणि आम्हीं ती शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु त्या रात्रीं आम्हांस एक विद्यार्थी आठवला. त्याचा कंठ असा गोड होता कीं, त्यानें श्लोक म्हणावयास आरंभ केला म्हणजे शेजारच्या वर्गांतील गलका थांबे. व्याकरण मात्र त्यास जमेना. आम्हांस वाटलें, घासल्यावांचून मणि उजळत नाहीं. आम्हीं त्यास रोज फळ्यापाशीं उभा करून रूपें म्हणावयास लाविलीं. चुकला कीं वर्ग हंसे, आणि तें हंसणें आम्हीं कधीं थांबविलें नाहीं. वर्षअखेरीस त्याला संस्कृतांत पस्तीस गुण मिळाले आणि आम्ही त्यास आपलें यश मानलें. पुढें तो स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला तेव्हां आम्हीं सहज म्हटलें, “एखादा श्लोक म्हण पाहूं.” तो ओशाळून म्हणाला, “सर, तें तेव्हांच सुटलें.” पापुद्रा सुटतो तसें.

शिस्त नको, श्रम नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. अकीकास चाक हवें, हिऱ्यास तर हिराच हवा. न घासलेला अकीक रस्त्यावरच पडून राहील. पण चाक फिरविण्यापूर्वीं त्या कारागिरानें जसें भिंग डोळ्याशीं धरलें, तसें आम्हीं त्या मुलाकडे एकदां तरी पाहावयास हवें होतें. कारागिरानें आपल्या विद्येस नकार दिला, हीच त्याची विद्या. आमच्या चौतीस वर्षांच्या नोकरींत हा धडा आम्हांस कोणी शिकविला नाहीं, आणि आम्हींहि शोधला नाहीं.

दगड आतां सूनबाईंच्या पुस्तकांच्या फळीवर आहे. सकाळचें ऊन आलें कीं घटकाभर सारी खोली उजळते. चिरंजीवांनीं त्याखालीं चिठ्ठी लाविली आहे, तींत दगडाचें नांव, तो सांपडल्याचें ठिकाण व तारीख. हें त्यांनीं योग्य केलें. कोठला तें ठाऊक नसलेला नमुना अभ्यासकास मुका असतो. त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्हीं जुन्या पत्रिकेवरून शोधून काढला आणि त्यास पत्र घातलें आहे. क्षमा मागितली आहे, श्लोक मागितलेला नाहीं. उत्तर अद्याप यावयाचें आहे.