खोटे बायोडेटात, की जाहिरातीत?

मा. संपादक,

मुले बायोडेटात खोटे लिहितात म्हणून वाळूजला कुशल कामगार मिळत नाहीत, हे आपल्या रविवारच्या लेखातील निदान एकांगी आहे. सीएनसी मशीन लांबून पाहिलेल्याने स्वतःला ‘ऑपरेटर’ म्हणवू नये, एवढे मान्य. पण ‘फ्रेशर पाहिजेत, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ अशा जाहिराती कोण देतो?

शिकवणे हे कारखान्याचे काम नाही, असे लेखक म्हणतात. कायदा नेमके उलट सांगतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खालील 2019 च्या सुधारित नियमांनुसार, कंत्राटी धरून 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात.

राहिला खोटेपणा. हातात मायक्रोमीटर द्या, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचायला सांगा. पाच मिनिटांत उलगडा होतो. तेवढेही न करता कंत्राटदाराच्या यादीवरून भरती करायची आणि वर बोल मुलांना लावायचे! ‘टर्निंग येते, प्रोग्रामिंग शिकायचे आहे’ असे खरे लिहिणाऱ्या आयटीआयच्या मुलाचा अर्ज मात्र बाजूला पडतो.

वाळूज-शेंद्र्यातील किती कारखान्यांनी शिकाऊंचा हा किमान वाटा भरला, ते लेखकांनी पुढच्या लेखात आकड्यांसह छापावे.

— एक निवृत्त टर्नर, बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर