वॉचमनला कायदा, मावशीला काय?

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी आठला लिफ्टपाशी उभे राहा. रात्रपाळीची मावशी खाली उतरते, दिवसाची वर जाते. मुलं परदेशात किंवा चर्चगेटच्या लोकलमध्ये आणि आजी अंथरुणाला खिळलेली, अशी घरं प्रत्येक विंगमध्ये सापडतील. त्यांचा सगळा भार ब्यूरोवर.

आता गंमत बघा. गेटवरचा वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 सालचा केंद्रीय कायदा लागू आहे. परवाना हवा, तो पाच वर्षांनी नवा करायचा. माणसाची चारित्र्य पडताळणी हवी, प्रशिक्षण हवं. शिवाय रजिस्टर हवं, त्यात प्रत्येकाचं नाव, पत्ता, फोटो आणि पगारसुद्धा! कायदा प्रत्यक्षात किती पाळला जातो तो भाग वेगळा, पण जाब विचारायला कागद तरी आहे.

आणि चौथ्या मजल्यावर आजीला नळीतून भरवणारी, इन्सुलिन टोचणारी मावशी? तिला पाठवणाऱ्या ब्यूरोसाठी असा स्वतंत्र परवानाच नाही. 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्ण ठेवण्याची 'जागा' बघतो. ब्यूरोकडे खाट नाही, म्हणून तो सुटला! केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. डिसेंबर 2019 मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा, दोन्ही त्यात होतं. ते मंजूर झालंच नाही; 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयकही गेलं. कुणी हळहळल्याचं ऐकलंत?

"लायसन्स आलं की चिरीमिरी आली, दर वाढले," असं आमचे काही नातेवाईक म्हणतील. मान्य, भीती खोटी नाही. पण आज दर कुठे कमी आहेत? आपण ब्यूरोला किती देतो आणि त्यातले मावशीच्या हातात किती पडतात, हे दोन्ही आकडे एका कागदावर पाहिलेत कधी? ती आजारी पडली, तिला कुणी त्रास दिला, तर तिने जायचं कुणाकडे? नियम फक्त आपल्या आजीसाठी नकोत, तिच्यासाठीही हवेत.

मागणी फार मोठी नाही. ब्यूरोची महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नोंद असावी. मालकाचं नाव आणि पत्ता खरा असावा, नुसता मोबाईल नंबर नको. वर देखरेखीला परिचर्या परिषदेकडे नोंदलेली एक तरी नर्स असावी. मावशीने काय करायचं आणि काय करायचं नाही (इंजेक्शन, नळी बदलणं) हे लेखी असावं. तक्रार आली तर किती दिवसांत उत्तर, तेही लेखी.

कायदा येईल तेव्हा येईल. 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. महापालिकेची आरोग्य यंत्रणाही आहे. पडताळणी झालेल्या ब्यूरोंची एक साधी यादी लावायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

असो. परदेशातल्या भावंडांनो, पुढच्या वेळी ब्यूरोला पैसे पाठवण्याआधी एवढंच विचारा, "चुकलं तर जबाबदार कोण?" उत्तरात एखादं नाव येतं का ते बघा, आणि खाली कॉमेंटमध्ये कळवा.