प्रत मिळाली, वाचायची कशी?

आमच्या दृष्टिहीन वकील वाचकांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. प्रतिपक्षाची कैफियत ईमेलवर येते, सोबत लांबलचक दस्तयादी. फाईल उघडली की स्क्रीन रीडर गप्प, कारण आत मजकूर नाही, पानांची चित्रे आहेत. संगणकावर टाइप केलेली कैफियत आपण छापतो, सही-शिक्का करतो आणि पुन्हा स्कॅन करून चढवतो. क्वचित मजकूर असलाच, तर तो युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधला. यंत्र ‘वादी’ऐवजी इंग्रजी अक्षरे नि चिन्हे वाचत सुटते. मग तारखेच्या आदल्या रात्री कुणाला तरी शेजारी बसवून सगळे वाचून घ्यायचे.

नियम नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या आदर्श ई-फायलिंग नियमावलीत ओसीआर केलेल्या पीडीएफची अट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १२ सुगम स्वरूपात दाखल करण्याची साधने फायलिंग विभागाला पुरवण्याचे बंधन शासनावर घालते. तरी छाननीत हरकती निघतात समासावर, पृष्ठांकनावर, स्टॅम्पवर. यंत्राला वाचता न येणारी फाईल मात्र बिनहरकत नोंदली जाते. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष शिफारशीपुरते ठेवणारा, याच अधिनियमाखालील नियमांतला नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. एवढे झाल्यावरही आपल्या फायलिंगच्या खिडकीवर हा विषय निघत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

संविधानाच्या कलम १४ वर उभे राहताना ‘अंडर-इन्क्लुझिव्ह’, ‘ओव्हर-इन्क्लुझिव्ह’ हे शब्द आपण सहज वापरतो. स्टेट ऑफ गुजरात वि. श्री अंबिका मिल्स (१९७४) या निकालात न्या. मॅथ्यू यांनी ही मांडणी घेतली ती टसमन आणि टेनब्रोक यांच्या १९४९ च्या लेखातून. यांतले जेकोबस टेनब्रोक अंध होते. बर्कलेत प्राध्यापक, १९४० साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचे पहिले अध्यक्ष. १९६६ च्या आपल्या गाजलेल्या लेखात त्यांनी टॉर्टचा कायदा तपासला. उघड्या खड्ड्यात अंध माणूस पडला की न्यायालये त्याच्यावरच कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स लादण्याकडे झुकत. तो एकटा बाहेर पडलाच का, हा प्रश्न मागे असेच. टेनब्रोकांनी उत्तर दिले: जगात वावरण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि रस्ता राखणाऱ्याने तो येणार हे धरूनच काळजी घेतली पाहिजे.

हीच कसोटी आपल्या दाव्याच्या कागदांना लावा. समोरचा वकील, पक्षकार किंवा न्यायाधीश दृष्टिहीन असू शकतो, हे धरूनच कैफियत तयार झाली पाहिजे. त्याला वाचता न येणारी प्रत देणे ही आमच्या मते बजावणीच नव्हे.

काम अवघड नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. वर्डमधून थेट पीडीएफ काढा, फक्त सहीचे पान स्कॅन करून जोडा. जुन्या दस्तांना ओसीआर करा; हस्तलिखित दस्तांचा टंकलिखित मजकूर सोबत द्या. टायपिस्टला हे आजच सांगा. वकील संघांनी येत्या सभेत ठराव करून प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे एकच मागणी करावी: छाननीच्या यादीत ‘फाईल स्क्रीन रीडरवर वाचता येते काय?’ हा रकाना घाला, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ती फाईल परत करा.